हिब्रू शास्त्रातल्या वंशावळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिब्रू शास्त्र, म्हणजे यहुद्यांचा तनाख आणि ख्रिस्ती वाचकांचा जुना करार, वाचायला घेतलं की उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातच नावांची रांग लागते. बहुतेक वाचक तिथे पान उलटतात. मला या याद्या मनापासून आवडतात, आणि त्यांच्याविषयी लोक जे विचारतात त्याची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. माणसांची व पुस्तकांची नावं आणि अध्याय-वचनांचे आकडे मराठी बायबलच्या वळणाने दिले आहेत. छापील हिब्रू प्रतींत काही ठिकाणी वचनांचा क्रमांक पुढेमागे होतो.

वंशावळी नेमक्या कुठे आहेत?

सर्वांत दाट उत्पत्तीत. काइनाचा वंश चौथ्या अध्यायात, आदामापासून नोहापर्यंत पाचव्यात, राष्ट्रांची यादी दहाव्यात, शेमापासून अब्रामापर्यंत (म्हणजे पुढचा अब्राहाम) अकराव्यात, पुढे नाहोर, इश्माएल, एसाव, आणि शेहेचाळिसाव्यात मिसर देशात गेलेलं याकोबाचं घराणं. निर्गमाच्या सहाव्या अध्यायात लेव्यांची वंशावळ आहे. गणनेत शिरगणती आहे. रूथचं पुस्तक वंशावळीनेच संपतं. एज्रा आणि नहेम्यात बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांच्या याद्या आहेत. आणि 1 इतिहासाचे पहिले नऊ अध्याय जवळजवळ पूर्णपणे नावांचे आहेत.

उत्पत्तीचा तर सांगाडाच वंशावळींचा आहे. ‘ही अमक्याची वंशावळ’ अशा अर्थाचं ठरलेलं वाक्य त्यात पुन्हा पुन्हा येतं, एसावाचं दोनदा आलेलं धरलं तर अकरा वेळा, आणि प्रत्येक वेळी तिथे नवा भाग सुरू होतो. गोष्टी त्या सांगाड्यावर बसवल्या आहेत.

नावं गाळून पुढे गेलं तर काय बिघडतं?

कथा कळते, पण ती कशासाठी सांगितली ते निसटतं. प्राचीन इस्राएलात तीन प्रश्नांची उत्तरं वंशावळीतून मिळत: ही जमीन कुणाची, वेदीपाशी कोण उभा राहणार, आणि शेजारचा माणूस आपला कोण लागतो. म्हणजे यादी लिहिणारा माणूस काहीतरी सिद्ध करत असतो. निर्गम 6 पाहा. मोशे फारोपुढे जाणार अशा ऐन क्षणी कथा थांबते आणि वंशावळ सुरू होते. रऊबेन, शिमोन आणि लेवी, एवढ्यावर ती थांबते, कारण मोशे आणि अहरोन लेवीच्या घरचे आहेत हे दाखवून झालं. उरलेल्या नऊ भावांची तिथे गरज नव्हती. शेवटी लेखक स्पष्ट सांगतो की हेच ते अहरोन आणि मोशे. राजापुढे बोलायला निघालेल्या माणसांची ओळख अशी पटवून दिली जाते.

सगळ्या वंशावळी एकाच धाटणीच्या आहेत का?

दोन मुख्य धाटण्या आहेत. एक सरळ रेघेची: बाप, मुलगा, नातू, पणतू, प्रत्येक पिढीत एकच नाव. हक्क किंवा अधिकार कुणाकडून कुणाकडे आला हे दाखवायला ती वापरतात. राजे आणि याजक यांची वंशावळ अशीच असते. दुसरी फांद्यांची: एका बापाचे सगळे मुलगे, त्यांचे मुलगे. कोण कुणाचा भाऊबंद हे तिच्यातून कळतं.

उत्पत्ती 5 आणि 11 सरळ रेघेच्या आहेत, पण दोन्हींच्या शेवटी रेघ तीन मुलांत फुटते: नोहाला शेम, हाम, याफेथ आणि तेरहाला अब्राम, नाहोर, हारान.

मथुशलह 969 वर्षं जगला, हे आकडे कसे समजायचे?

पाचव्या अध्यायात वयाचे आकडे एका साच्यात येतात: अमका इतक्या वर्षांचा झाल्यावर त्याला मुलगा झाला, त्यानंतर तो इतकी वर्षं जगला, त्याला मुलगे व मुली झाल्या, एकूण इतकी वर्षं, आणि तो मरण पावला. पूरपूर्व काळातल्या माणसांना अचाट आयुष्य देणं ही त्या प्रदेशातली जुनी रीत होती. सुमेरी राजावलीत पुरापूर्वीचा पहिला राजा अलुलिम याने एरिदूत 28,800 वर्षं राज्य केलं असं लिहिलं आहे. त्या मानाने आदामाची 930 वर्षं फारच आटोपशीर, आणि शास्त्रातला एकही माणूस हजारी गाठत नाही. अकराव्या अध्यायात आयुष्यं उतरत जातात: शेम 600, पेलेग 239, नाहोर 148.

हे आकडे सगळ्या प्रतींत सारखे नाहीत. परंपरागत हिब्रू संहिता, शोमरोनी पंथाने जपलेली पहिली पाच पुस्तकं (शोमरोनी पंचग्रंथ) आणि सेप्टुआजिंट हे ग्रीक भाषांतर, तिन्हींचे हिशेब वेगळे निघतात. शेथ जन्मला तेव्हा आदाम हिब्रूत 130 वर्षांचा, ग्रीकमध्ये 230 वर्षांचा. हिब्रू हिशेबाने जलप्रलय सृष्टीनंतर 1656 व्या वर्षी येतो, आणि मथुशलह बरोबर त्याच वर्षी मरतो (लामेख झाला तेव्हा तो 187 वर्षांचा, नोहा झाला तेव्हा लामेख 182 चा, प्रलयात नोहा 600 चा: 187 + 182 + 600 = 969). ग्रीक भाषांतराच्या काही प्रतींचे आकडे घेतले तर तो प्रलयानंतर 14 वर्षं जिवंत राहतो, तेही तारवात नसताना! पुढच्या नकलनविसांनी ही अडचण ओळखून आकडा दुरुस्त केलेला दिसतो. शोमरोनी संहितेत तर यारेद, मथुशलह आणि लामेख हे तिघेही प्रलयाच्याच वर्षी मरतात. जुन्या लोकांनी हे आकडे किती बारकाईने तपासले होते याची ही खूण आहे.

यहुदी पंचांगाचा वर्षक्रम याच आकड्यांवर उभा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेलं 5785 हे वर्ष सृष्टीपासून मोजलेलं आहे. आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 साली जाहीर केलेला इ.स.पू. 4004 हा सृष्टीचा काळही मुख्यतः या याद्यांमधूनच निघाला.

माझं मत विचाराल तर या आकड्यांतून पृथ्वीचं वय काढण्यापेक्षा साचा कुठे मोडतो ते पाहावं.

साचा मोडतो म्हणजे काय?

पाचव्या अध्यायात ‘आणि तो मरण पावला’ हे आठ वेळा येतं. मधे हनोखापाशी ते येत नाही. तो 365 वर्षं जगला, देवाबरोबर चालला, मग तो नव्हता, कारण देवाने त्याला नेलं. इतकंच. हनोख आदामापासून सातवा.

आता आधीच्या अध्यायात काइनाच्या बाजूने मोजा: आदाम, काइन, हनोख, ईराद, महुयाएल, मथुशाएल, लामेख. सातवा लामेख. तोही साचा मोडतो, पण उलट्या दिशेने. आपल्या दोन बायकांपुढे उभा राहून तो बढाई मारतो की काइनाचा सूड सातपट, तर माझा सत्त्याहत्तरपट. दोन वंश, दोन सातवी माणसं, एक देवाबरोबर चालणारा आणि एक सूडाचं गाणं म्हणणारा. पुढे शेथाच्या वंशातही एक लामेख येतो आणि त्याचं वय काय दिलंय, तर 777. लेखकाने एक शब्दही टीका केलेली नाही. नावं आणि आकडे शेजारी ठेवले आहेत. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हापासून मी एकही यादी ओलांडून गेलेलो नाही.

रूथच्या शेवटी पेरेसापासून मोजलं की बवाज सातवा आणि दावीद राजा दहावा येतो. नोहाही आदामापासून दहावा. ही जागा सहज मिळालेली नाही.

इस्राएलाच्या ग्रंथात परक्या राष्ट्रांच्या वंशावळी कशाला?

उत्पत्ती 10 मध्ये परंपरेने सत्तर राष्ट्रं मोजली जातात. मिसर, अश्शूर, कनान, यावान म्हणजे ग्रीक लोक, सगळी एकाच नोहाची लेकरं. त्या काळच्या कुठल्याही राजाच्या नोंदीत शत्रूला असं घरात बसवलेलं मला ठाऊक नाही.

जवळचे शेजारी तर आणखी जवळ आणले आहेत. मवाब आणि अम्मोन लोटाच्या मुलींचे मुलगे, इश्माएलाचे बारा सरदार अब्राहामाचे नातू, अदोम म्हणजे एसाव, याकोबाचा जुळा भाऊ. हा केवळ मान नव्हता, त्यावर कायदा उभा होता: अनुवाद या पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात अदोमी माणसाचा तिटकारा करू नका, तो तुमचा भाऊ आहे, असं बजावलं आहे. वंशावळीचा क्रमही पाहण्याजोगा आहे. ज्या फांदीतून पुढची कथा जाणार नाही ती आधी सांगून पूर्ण करायची आणि मगच मुख्य फांदीकडे वळायचं: इश्माएल आधी, मग इसहाक, एसावाला पूर्ण अध्याय, मग याकोब. बाजूला राहिलेल्या भावाचं नाव पुसून कथा पुढे जात नाही.

जमिनीशी वंशावळीचा संबंध कसा?

वारसनोंदीला वंशावळ लागते हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. इस्राएलात तर जमीन विकली तरी कायमची जात नसे. लेवीय 25 प्रमाणे पन्नासाव्या, योबेल वर्षी ती मूळ घराण्याकडे परत यायची. परत कुणाला द्यायची हे ठरवायला कुळांची माहिती हवीच. अहाब राजाने नाबोथाकडे द्राक्षमळा मागितला तेव्हा नाबोथाने तो वाडवडिलांचं वतन म्हणून नाकारला आणि त्यापायी त्याचा जीव गेला.

या बाबतीतली सगळ्यात सुंदर गोष्ट सलाफहादच्या मुलींची आहे (गणना 27). महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप रानात वारला, भाऊ नाही. पाचही जणी मोशे, याजक, सरदार आणि सर्व मंडळीपुढे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं की आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव कुळातून का जावं, आम्हाला त्याच्या भावांबरोबर वतन द्या. मोशेला उत्तर सुचलं नाही. त्याने गाऱ्हाणं देवापुढे नेलं. उत्तर आलं की मुली बरोबर बोलतात. कायदा बदलला. पुढे गणना 36 मध्ये वतन दुसऱ्या वंशात जाऊ नये म्हणून आपल्याच वंशात लग्न करण्याची अट आली आणि त्यांनी चुलतभावांशी लग्नं केली.

आता जमिनीखालचा पुरावा. 1910 साली शोमरोनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएल राज्याच्या राजधानीच्या, उत्खननात शाईने लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या. त्या इ.स.पू. आठव्या शतकातल्या, तेल आणि द्राक्षारस कुठून आला याच्या सरकारी नोंदी आहेत. त्यांवर ज्या भागांची नावं आहेत ती अशी: अबियेजेर, हेलेक, अस्रीएल, शेखेम, शमीदा, आणि नोआ व होग्ला. गणना 26 मधले गिलादाचे, म्हणजे मनश्शेच्या नातवाचे, सहा मुलगे काढून बघा. पाच इथे आहेत, फक्त अबियेजेर तिथे इयेजेर असा येतो. सहावा हेफेर, सलाफहादचा बाप, तेवढा नाही. त्याच्या जागी त्याच्या दोन नाती आहेत. तिरसा हे तर उत्तरेकडच्या राज्याच्या जुन्या राजधानीचं नाव. म्हणजे मनश्शेची वंशावळ वाचताना आपण एका डोंगराळ मुलखाचा नकाशाही वाचत असतो, आणि कारकून रोजच्या हिशेबात त्या बहिणींची नावं लिहीत होते.

मग बाकी ठिकाणी बायकांची नावं का नाहीत?

वंश बापाकडून मोजला जात होता, म्हणून बहुतेक नावं पुरुषांची आहेत, आणि हे आहे तसं मान्य करावं. ‘त्याला मुलगे व मुली झाल्या’ या वाक्यातल्या मुली कोण होत्या हे आता कधीच कळणार नाही. ते मला लागतं.

पण जिथे बाई येते तिथे वंश तिच्यामुळेच टिकलेला असतो. यहूदाचा वंश तामारेमुळे चालला. सासरा यहूदा याने तिला धाकट्या मुलाशी लग्नाचा शब्द देऊन ताटकळत ठेवलं, तेव्हा तिने वेष बदलून त्याची मोहोर, दोरी आणि काठी गहाण घेतली. शेवटी यहूदालाच म्हणावं लागलं की ती माझ्यापेक्षा न्यायी आहे. तिचा मुलगा पेरेस, त्याच्या वंशात दावीद.

1 इतिहासात अशा बायका एकेका वचनात भेटतात. शेशानाला मुलगा नव्हता, म्हणून त्याने यरहा नावाच्या आपल्या मिसरी चाकराला मुलगी दिली, आणि पुढच्या तेरा पिढ्या त्या मुलीच्या व परदेशी चाकराच्या आहेत. सातव्या अध्यायात शेरा येते. तिने खालचं व वरचं बेथ-होरोन आणि उज्जन-शेरा ही गावं वसवली. शास्त्रात गावं वसवणारी ही एकटीच बाई, आणि तिच्याबद्दल एवढं एकच वचन!

याजकांना वंशावळ एवढी महत्त्वाची का होती?

याजकपण अहरोनाच्या वंशातच होतं. शिकून, पैसे देऊन किंवा निवडून याजक होता येत नसे. म्हणून मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर (इ.स.पू. 586) आणि पारसाचा राजा कोरेश याने परतण्याची मुभा दिल्यावर (इ.स.पू. 538) पहिला पेच कागदपत्रांचा आला.

एज्राचा दुसरा अध्याय म्हणजे ती यादी. एकूण 42,360 माणसं. चार याजक घराण्यांची 4,289, लेवी, म्हणजे मंदिरातले इतर सेवक, मात्र अवघे 74. आणि मग 59 व्या वचनापासून ओळख न पटलेल्यांची नावं. तेल-मेलह, तेल-हर्षा अशा बाबेलातल्या वस्त्यांमधून आलेल्या 652 लोकांना आपलं पितृकुळ दाखवता येईना. त्यानंतर याजकांपैकी तीन घराणी: हबया, हक्कोस आणि बर्जिल्ल्य. बर्जिल्ल्याची गोष्ट कानात राहते. त्या घराण्याच्या मूळपुरुषाने गिलादी बर्जिल्ल्याच्या मुलीशी लग्न केलं आणि सासऱ्याचं नाव लावलं. तो बर्जिल्ल्य दावीदाला संकटात अन्न पुरवणारा मोठा माणूस, तेव्हा नाव मानाचंच होतं. पण काही पिढ्यांनी तेच आडवं आलं. तिघांनीही आपली वंशावळ नोंदीत शोधली, सापडली नाही, आणि ते याजकपणातून वगळले गेले. ऊरीम व थुम्मीम, म्हणजे देवाचा कौल घेण्याची साधनं, धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र अन्न खाऊ नका, असा अधिपतीने हुकूम केला. म्हणजे दार बंद केलं तरी निकाल पुढच्यावर सोपवला. नहेम्या 3 मध्ये यरुशलेमेची भिंत बांधणाऱ्यांत हक्कोसाचा नातू मरेमोथ आहे, आणि एज्रा 8 मध्ये याजक उरीयाचा मुलगा मरेमोथ मंदिराची चांदी तोलून घेतो. हे तेच घराणं असेल तर त्यांची नोंद पुढे सापडली असावी. मला ते खरं असावंसं वाटतं.

ही दक्षता पुढेही चालली. इतिहासकार योसेफस पहिल्या शतकात सांगतो की मिसर-बाबेलात राहणारे याजकसुद्धा लग्न ठरलं की वधूची व तिच्या पूर्वजांची नावं यरुशलेमेला कळवत.

1 इतिहासाचे नऊ अध्याय कशासाठी लिहिले?

बंदिवासानंतरच्या लहानशा, गरीब वस्तीला आपण कोण हे सांगण्यासाठी. पहिलं वचन फक्त तीन नावांचं आहे: आदाम, शेथ, अनोश. पहिल्या चार वचनांत तेरा नावं आहेत आणि एकही क्रियापद नाही. वाचकाला बाकी सगळं पाठ आहे असं लेखक धरून चालतो.

कुणाला किती जागा दिली यावरून त्याचं मन कळतं. यहूदा आणि लेवी, म्हणजे राजघराणं आणि मंदिर, यांना भरपूर. दान आणि जबुलून यांना स्वतंत्र यादीच नाही. थोरला असूनही रऊबेन पहिला का नाही हेही तो उघड सांगतो: बापाचं अंथरूण भ्रष्ट केल्यामुळे थोरलेपणाचा हक्क योसेफाच्या मुलांकडे गेला. दावीदाचा वंश बंदिवासात थांबत नाही. यकन्या, जरुब्बाबेल आणि पुढेही कित्येक पिढ्या मोजल्या आहेत. सिंहासन नसताना लिहिलेली ती नावं आहेत.

आणि मधेच साधी माणसं. चौथ्या अध्यायात तागाचं कापड विणणारी घराणी आहेत, राजाच्या चाकरीतले कुंभार आहेत, आणि याबेस आहे, ज्याची छोटी प्रार्थना पुष्कळांना पाठ असते. नवव्यात 212 द्वारपाळ आणि तव्यावर भाजायच्या पदार्थांची जबाबदारी असलेला मत्तिथ्या.

याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. मग त्या खोट्या का?

जुळत नाहीत हे खरंच आहे. एज्रा 7 मधली एज्राची स्वतःची वंशावळ 1 इतिहास 6 शी ताडून पाहिली तर सलग सहा नावं गाळलेली दिसतात. त्याला सरायाचा मुलगा म्हटलंय, पण मुख्य याजक सराया इ.स.पू. 586 च्या सुमारास मारला गेला आणि एज्राचा परंपरागत काळ इ.स.पू. 458 आहे. ‘मुलगा’ म्हणजे वंशज, हा त्या भाषेतला नेहमीचा वापर. आणि लांब रेघेतली मधली नावं वगळणं ही मान्य रीत होती.

दुसरा प्रकार अधिक विचार करायला लावतो. 1 शमुवेलात शमुवेलाचा बाप एलकाना एफ्राइमच्या डोंगराळ प्रदेशातला म्हणून येतो. 1 इतिहासात तेच घराणं लेवीच्या कहाथ शाखेत आहे. कालेबाला गणना आणि यहोशवात कनिज्जी म्हटलंय, आणि कनिज्जी मुळात इस्राएली नव्हते असं बरेच अभ्यासक मानतात. तरी तो यहूदाच्या वंशाचा सरदार म्हणून मोजला जातो आणि हेब्रोन त्याला मिळतं. माणूस जिथे राहिला, जे काम केलं, ज्यांच्याबरोबर लढला, त्या कुळात त्याला जागा मिळाली असं यातून दिसतं. जन्मदाखल्याच्या कसोटीवर हे चुकतं. त्या समाजाच्या दृष्टीने नातं असंही होत असे, आणि झालेलं नातं लिहून ठेवलं जाई.

कुणी वंशावळीत मुद्दाम बदल केल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते हिब्रू प्रतीत डोळ्यांनी दिसतं. शास्ते या पुस्तकाच्या 17 आणि 18 व्या अध्यायांत एका लेव्याची गोष्ट आहे. तो मीखाच्या घरी मूर्तीचा पगारी पुजारी होतो, मग दान वंशाचे लोक जास्त मोठी जागा देऊ करतात तेव्हा मूर्ती घेऊन त्यांच्याबरोबर जातो. गोष्टभर त्याला नाव नाही. अगदी शेवटी, 18:30 ला, ते येतं: योनाथान, गेर्षोमाचा मुलगा, आणि गेर्षोम कुणाचा मुलगा? हिब्रू अक्षरं मेम, शिन, हे अशी आहेत, म्हणजे मोशे. पण मेम आणि शिन यांच्या मधे एक छोटा ‘नून’ ओळीच्या वर टांगून ठेवलेला आहे. तो धरला की मनश्शे वाचलं जातं.

मोशेचा नातू मूर्तिपूजेचा याजक झाला हे वाचणाऱ्याला सहन होईना, म्हणून नकलनविसाने एक अक्षर घातलं. ते ओळीत नीट बसवलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. राशी या मध्ययुगीन भाष्यकाराचं म्हणणं असंच आहे: मोशेच्या मानासाठी नून घातला, आणि टांगता ठेवला तो खरं नाव मोशे आहे हे कळावं म्हणून. मोशेची अब्रूही राखली आणि सत्यही. शतकानुशतकं प्रत्येक नकलनविसाने ते अक्षर तसंच वर लिहिलं, आणि आजच्या छापील हिब्रू शास्त्रातही ते तसंच आहे.

वंशावळींमुळे परक्यांना दार बंद झालं का?

काही वेळा झालं. पण रूथचं पुस्तक आठवा. अनुवाद 23 म्हणतं की मवाबी माणसाने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, दहाव्या पिढीपर्यंतही नाही. रूथ मवाबी आहे, आणि पुस्तक ते वारंवार म्हणतं. शेवटी तिचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. नियम सांगणारं आणि नियमाच्या पलीकडे गेलेलं कुटुंब दाखवणारं, दोन्ही एकाच शास्त्रात आहे, आणि कुठलंही काढून टाकलेलं नाही. पुढे मिश्नाने, म्हणजे यहुदी गुरूंच्या नियमांच्या जुन्या संग्रहाने, तोडगा दिला: बंदी मवाबी पुरुषांना, बायकांना नाही.

यातून वंशाभिमान वाढत नाही का?

वाढू शकतो, आणि जुन्या यहुदी गुरूंना ती भीती होती. मिश्ना विचारतं की देवाने सुरुवातीला एकच आदाम का घडवला? एक उत्तर असं: कुणी दुसऱ्याला ‘माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा’ असं म्हणू नये म्हणून. त्याच मिश्नात दुसरीकडे ठरवून दिलंय की निषिद्ध संबंधातून जन्मलेला पण विद्वान असलेला माणूस अडाणी मुख्य याजकाच्या आधी मोजावा.

नव्या करारातल्या वंशावळींचं काय?

त्या हिब्रू रीतीवरच बेतल्या आहेत. मत्तय चौदा-चौदा-चौदा पिढ्यांचे तीन भाग करतो आणि त्यासाठी अहज्या, योवाश, अमस्या हे राजे वगळतो. दावीदाच्या हिब्रू अक्षरांची बेरीजही चौदा भरते. तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको यांना तो मुद्दाम आणतो. लूक उलटा आदामापर्यंत जातो. दोघांत जुळत नाही त्याची चर्चा इथे लांबवत नाही.

आज याला काही व्यावहारिक अर्थ उरला आहे का?

मंदिर नाही, तरी कोहेन, म्हणजे याजक, घराण्यातला पुरुष आजही सिनेगॉगमध्ये (यहुदी प्रार्थनास्थळात) तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, वाचण्यासाठी पहिला बोलावला जातो, आशीर्वाद देतो, आणि पारंपरिक नियमाने घटस्फोटितेशी लग्न करू शकत नाही. पुरावा बहुधा एवढाच: बापाने सांगितलं, त्याला त्याच्या बापाने.

महाराष्ट्राशी याचा खरा संबंध बेने इस्राएलांचा. त्यांची परंपरा सांगते की पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. कोकणात त्यांनी तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले. आडनावं गावांवरून झाली: पेणकर, रोहेकर, किहीमकर. लिखित वंशावळ नव्हती. शब्बाथ, सुंता आणि ‘शेमा’ ही प्रार्थना मात्र पिढ्यानपिढ्या पाळली. इस्राएलात गेल्यावर 1962 साली मुख्य रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) कार्यालयाने सूचना काढली की या समाजातल्या व्यक्तीचं बाहेरच्या यहुद्याशी लग्न लावण्याआधी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. मराठी बोलणाऱ्या या लोकांनी निदर्शनं केली, लढा दिला, आणि 1964 साली इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी आहेत असं ठणकावल्यावर त्या सूचना बदलल्या गेल्या. एज्रा 2 मधला प्रसंग मला दर वेळी या लोकांच्या चेहऱ्यांनिशी दिसतो.

वाचायला सुरुवात कुठून करू?

रूथच्या शेवटच्या पाच वचनांपासून. मग उत्पत्ती 4 आणि 5 शेजारीशेजारी, पेन्सिल घेऊन. जिथे नावापुढे एखादं जादा वाक्य येईल तिथे खूण करा. त्यानंतर गणना 26 आणि 27 सलग, मग एज्रा 2. नावं मोठ्याने वाचा, त्यांचा ठेका कानाला कळतो. 1 इतिहास शेवटी ठेवा, रोज एक अध्याय. आठव्या आणि नवव्या अध्यायात शौल राजाची वंशावळ दोनदा भेटेल तेव्हा चुकून छापली असं समजू नका. पहिली बन्यामिनाच्या यादीतली आहे. दुसरी दहाव्या अध्यायाच्या तोंडाशी ठेवली आहे, कारण तो अध्याय शौलाच्या शेवटच्या लढाईने सुरू होतो.